आडात असेल तेच पोहऱ्यात: ख्रिस्ती शिकवणीतलं ‘अंतःकरण’ आणि आपली नाती

२४ ऑक्टोबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांचं एक लांबलचक पत्र प्रसिद्ध झालं. नाव ‘दिलेक्सित नोस’, म्हणजे ‘त्याने आपल्यावर प्रेम केलं’. युक्रेनमध्ये आणि गाझात युद्ध चालू होतं आणि ८७ वर्षांचे पोप लिहीत होते हृदयाबद्दल, येशूच्या आणि माणसाच्या. पुढच्या वर्षी २१ एप्रिलला ते गेले, त्यामुळे संपूर्ण चर्चला उद्देशून लिहिलेलं अशा दर्जाचं हे त्यांचं शेवटचं पत्र ठरलं. बातमी वाचून कुणालाही वाटेल, हा भाविकांचा घरगुती विषय, बाकीच्यांनी पान उलटावं. पण पर्यावरणावरचं २०१५चं आणि मानवी बंधुभावावरचं २०२०चं अशी आपली आधीची दोन पत्रं या विषयापासून वेगळी नाहीत, असं पोपनी त्याच पत्रात म्हटलं आहे.

आता हृदयाचा आणि जंगलतोडीचा, हृदयाचा आणि परक्या माणसाशी वागण्याचा काय संबंध? हे कोडं पडतं ते एका शब्दामुळे. त्या शब्दाशी आधी ओळख करून घेऊ.

‘हृदय’ म्हटलं की आपण भलत्याच खोलीत शिरतो

आज हृदय म्हटलं की डोळ्यांसमोर लाल बदाम येतो. डोकं विचार करतं आणि हृदय हळवं होतं, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. बायबल लिहिणाऱ्यांना ही वाटणी माहीतच नव्हती.

बायबलचा जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. त्यात हृदयासाठी ‘लेब’ हा शब्द ८००हून अधिक वेळा येतो. हे लेब विचार करतं, आठवण ठेवतं, बेत रचतं, निर्णय घेतं. शलमोन राजा देवाकडे मागणं मागतो ते ‘ऐकणाऱ्या’ लेबचं, आणि कशासाठी, तर लोकांचा न्याय नीट करता यावा म्हणून. इजिप्तच्या राजाचं, फारोचं, लेब कठीण झालं असं वाचतो तेव्हा त्याला रडू येत नव्हतं असा अर्थ नसतो. गुलामांना सोडायचं नाही हा निर्णय तो काही केल्या बदलत नव्हता.

मग भावना कुठे राहायच्या? बऱ्याचदा पोटात! हिब्रूत दया आणि कळवळा आतड्यांत असतो, मनाचे खोल हेतू मूत्रपिंडांत. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही, येशूच्या एका गोष्टीत जखमी वाटसरूला पाहून शोमरोन प्रांतातल्या माणसाला दया येते तिथे वापरलेलं क्रियापद आतड्यांच्या शब्दावरून आलेलं आहे. इंग्रजी वाचकाला हे समजावताना बरीच दमछाक होत असणार. आपल्याला मात्र ते आयतं कळतं, कारण आपलंही आतडं तुटतं, आपलीही माया पोटात असते आणि आपणही पोटतिडकीने बोलतो.

लेबला मराठीत सगळ्यात जवळचा शब्द माझ्या मते ‘मन’, तोही ‘मनावर घेणं’ किंवा ‘मनात आणलं तर करेल’ यातला. मराठी बायबलात अनेक ठिकाणी ‘अंतःकरण’ हा शब्द येतो. आपल्या तत्त्वज्ञानाच्या परंपरेत अंतःकरण म्हणजे आतलं साधन, ज्यात मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार हे चौघेही येतात. लेबचा आवाका जवळपास तेवढाच आहे. तेव्हा इथून पुढे अंतःकरण म्हणू. अर्थ एवढाच धरायचा: माणसाच्या आत जिथे गोष्टी ठरतात ती जागा.

प्रेम करण्याचा हुकूम कसा देता येईल?

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर’ ही आज्ञा सगळ्यांना माहीत असते. तिच्यावरचा आक्षेपही रास्त आहे. प्रेम काय सांगून होतं? भावना हुकमाने येत नाहीत.

नाहीतच येत. पण ही आज्ञा अंतःकरणाला आहे आणि अंतःकरण हे ठरवण्याचं ठिकाण आहे. एखाद्याबद्दल मला उमाळा येईल की नाही हे माझ्या हातात नाही. त्याचं भलं व्हावं या बाजूने मी उभं राहायचं की नाही, हे आहे.

या आज्ञेच्या बरोबर आधीची ओळ फारसं कुणी वाचत नाही. लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात १८व्या वचनात शेजाऱ्यावरच्या प्रेमाची आज्ञा येते, आणि १७वं वचन साधारण असं आहे: आपल्या भावाचा अंतःकरणात द्वेष करू नकोस, त्याचं चुकलं असेल तर त्याला स्पष्ट सांग. द्वेषाच्या विरुद्ध टोकाला इथे गोडवा ठेवलेला नाही, बोलणं ठेवलं आहे. मला ही जोडी विलक्षण वाटते. दोन बहिणी एकमेकींशी सहा महिने बोलत नाहीत. दोघीही म्हणतात, ‘माझ्या मनात काही नाही, मी आपली गप्प आहे.’ या वचनाच्या हिशेबाने ते गप्प असणंच संशयास्पद आहे. अढी गप्पपणातच मुरते.

येशूने हाच धागा पुढे नेला. कुणी तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल, असं तो मत्तयच्या १८व्या अध्यायात सांगतो (मत्तय, मार्क, लूक ही बायबलातली येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं). चारचौघांत नको आणि तिसऱ्याच्या कानातही नको. ५व्या अध्यायात तर तो आणखी अवघड काम देतो. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी समेट कर. ‘भावाच्या मनात आपल्याविषयी’ असे ते शब्द आहेत. रुसलेला तो आहे, पण उठून जायचं मी. देवाने अर्पणासाठी थांबावं आणि भावाने थांबू नये, असा हा क्रम आहे.

हात धुण्यावरून झालेलं भांडण

मार्कच्या ७व्या अध्यायात एक वाद आहे. येशूचे शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोरपणे पाळणारा एक गट, आक्षेप घेतात. मुद्दा आरोग्याचा नाही, धार्मिक शुद्धतेचा आहे. येशूचं उत्तर असं की बाहेरून आत जाणाऱ्या गोष्टीने माणूस अशुद्ध होत नाही, आतून बाहेर येणाऱ्या गोष्टीने होतो. मग तो अंतःकरणातून काय काय निघतं त्याची यादीच देतो: चोरी, खून, व्यभिचार, लोभ, कपट, मत्सर, निंदा, गर्व आणि आणखी काही.

ही यादी पुन्हा वाचून पाहा. जवळजवळ प्रत्येक गोष्टीला दुसरं माणूस लागतं. एकट्याला चोरी करता येत नाही, कपट करता येत नाही, मत्सर तर मुळीच नाही. अंतःकरण ही खाजगी बाब आहे असं आपण समजतो, पण तिथे जे शिजतं ते वाढलं जातं दुसऱ्यांना.

लूकमध्ये हेच सूत्र थोडक्यात आहे: अंतःकरणात जे भरून राहिलंय तेच तोंड बोलतं. आपल्याकडे म्हणतात, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एरवी ही म्हण आपण अडाण्याला किंवा कफल्लकाला उद्देशून वापरतो, इथे ती प्रत्येकाला लागू होते. घाईत असताना, दमलेले असताना, कुणी मुद्दाम डिवचल्यावर जे तोंडातून जातं, त्याबद्दल आपण नंतर म्हणतो, ‘तो मी नव्हतोच.’ या शिकवणीनुसार तोच मी होतो. एरवी पोहरा जपून, वरवर सोडतो. घाईत तो तळापर्यंत गेला, इतकंच.

मग मनात आलेल्या विचारालाही शिक्षा?

डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, खून करू नको हे तुम्ही ऐकलंय, पण मी सांगतो की भावावर रागावणाराही न्यायाला पात्र होईल. हे वाचून प्रामाणिक माणूस घाबरतो. राग तर दिवसातून दहादा येतो.

या भीतीवर चौथ्या शतकातच विचार झाला आहे. इजिप्तच्या वाळवंटात एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती साधकांपैकी एवाग्रियस नावाच्या विद्वानाने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात क्रोध आहे, दुःख आहे, गर्व आहे. तो सांगतो ते असं की हे विचार येऊन आपल्याला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, ते रेंगाळतील की नाही हे आहे. पावसाची झड खिडकीतून आत आली तर तो माझा दोष नव्हे. खिडकी दिवसभर उघडी ठेवून भिजलेल्या भिंतीबद्दल पावसाला शिव्या देणं हा मात्र माझाच उद्योग.

राग आणि डूख यांतला फरक मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. राग येतो, डूख धरावा लागतो.

‘मन साफ आहे’ एवढं पुरे का?

अजिबात नाही, आणि यावर फार वेळ घालवायची गरजही नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात कपडे नसलेल्या, उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असं म्हणून काहीच न देणाऱ्याची सरळ थट्टा आहे. ‘मी तोंडाने फटकळ आहे, पण मन साफ आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा तोंडाचा मार खाल्लेल्यांना ऐकवलं जातं. मन साफ असल्याचा निर्वाळा त्यांनी द्यावा, आपण नाही.

बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची?

माझ्या मते या शिकवणीची सगळ्यात जास्त ओढाताण इथे होते.

शमुवेल संदेष्टा इस्राएलचा नवा राजा निवडायला इशायाच्या घरी जातो. थोरला मुलगा अलियाब उंच, रुबाबदार. शमुवेलला वाटतं, हाच. तेव्हा देव त्याला सांगतो की माणूस बाहेरचं पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. शेवटी निवड होते ती मेंढरं राखायला गेलेल्या धाकट्या दावीदाची. या गोष्टीतून ‘दिसण्यावर जाऊ नये’ असा धडा काढला जातो. तो बरोबरच आहे, पण वाक्याचा पहिला अर्धा भाग आपण गिळतो. माणूस बाहेरचं पाहतो, म्हणजे माणसाला दुसऱ्याचं अंतःकरण दिसत नाही. देवाशी बोलणाऱ्या शमुवेललाही दिसलं नाही.

आणि आपण दिवसभर काय करतो? दुसऱ्याच्या अंतःकरणाचं निदान! निरोप वाचून उत्तर दिलं नाही, म्हणजे मुद्दाम टाळतोय. कौतुक केलं, म्हणजे काहीतरी काम असणार. स्वतःला आपण हेतूवरून मोजतो (‘मला तसं म्हणायचं नव्हतं’) आणि दुसऱ्याला कृतीवरून. कृती संपली की हेतूही आपणच त्याला बहाल करतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे मराठीत इतकं रुळलेलं आहे की येशूच्या तोंडीही हीच उपमा आहे हे अनेकांना ठाऊक नसतं. तो पुढे एक गोष्ट जोडतो: आधी स्वतःचं मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायला बंदी नाही. क्रम तेवढा पाळायचा.

स्वतःचं मुसळ दिसणं किती अवघड असतं याचा दाखला खुद्द दावीदच. राजा झाल्यावर त्याने उरीया नावाच्या आपल्याच सैनिकाच्या बायकोशी संबंध ठेवले आणि उरीयाला लढाईत पुढे ठेवून मरू दिलं. नाथान संदेष्टा त्याच्याकडे येतो आणि एक गोष्ट सांगतो. एका श्रीमंताकडे पुष्कळ गुरंमेंढरं होती, एका गरिबाकडे एकच कोकरू, लेकीसारखं वाढवलेलं. श्रीमंताकडे पाहुणा आला आणि त्याने गरिबाचं ते कोकरू घेऊन कापलं. दावीद संतापतो, असं करणारा मरणालाच लायक आहे म्हणतो. नाथान म्हणतो, ‘तो माणूस तूच.’

दावीदाची न्यायबुद्धी शाबूत होती. दुसऱ्याच्या बाबतीत ती लख्ख चालली, स्वतःच्या बाबतीत तिने डोळे मिटून घेतले होते. अंतःकरण सगळ्यात कपटी आहे असं यिर्मया संदेष्टा म्हणतो, ते बहुधा हेच. म्हणून अंतःकरणाची ही सगळी शिकवण हातातल्या बॅटरीसारखी आहे. ती स्वतःकडे वळवायची असते. दुसऱ्याच्या तोंडावर मारली तर तो आंधळा होतो, त्याच्या आतलं आपल्याला काहीच दिसत नाही.

सहा कोटी दिवसांची मजुरी

येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सातच्या सत्तर वेळा. आणि एक गोष्ट सांगतो.

एका चाकराचं राजाकडे १०,००० तालांताचं कर्ज असतं. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. हिशेब केला तर हे कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं निघतं. वर्षाला ३०० दिवस राबला तरी फेडायला दोन लाख वर्षं. चाकर पाया पडून म्हणतो, ‘थोडी मुदत द्या, सगळं फेडतो.’ ऐकणारे इथे हसले असतील असं मला नेहमी वाटतं. राजा मुदत देत नाही, कर्जच सोडून देतो. बाहेर पडल्यावर या चाकराला दुसरा चाकर भेटतो, त्याच्याकडून १०० दिनार येणं असतं. तो त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो.

१०० दिनार ही क्षुल्लक रक्कम नाही हे ध्यानात घ्यायला हवं. तीन-चार महिन्यांची मजुरी आहे ती. तुझं दुःख लहान आहे असं गोष्ट कुठेच म्हणत नाही. फक्त तुला सुटलेल्या कर्जाशेजारी ते ठेवून बघ, म्हणते. शेवटी येशू बजावतो की क्षमा ‘अंतःकरणापासून’ हवी. म्हणजे तोंडदेखली नको आणि हिशेबाची वही आत जपून ठेवणारीही नको.

मग मारणाऱ्याचा मार खात राहायचं?

हा आक्षेप गंभीर आहे, कारण नेमका हाच अर्थ सांगून अनेक चर्चनी आणि कुटुंबांनी मार खाणाऱ्यांना गप्प बसवलं आहे. तो अर्थ चुकीचा आहे.

क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी. क्षमा म्हणजे सूड घेण्याचा हक्क सोडणं, आणि ती एकट्याला करता येते. समेटाला दोघे लागतात. लूकमध्ये येशूचं वाक्य असं आहे की भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. दटावणं वगळून नुसती क्षमा उरवणारे अर्धंच वाचतात. विश्वास तर पुन्हा कमवावाच लागतो. क्षमा केली म्हणून पोलिसांत तक्रार करायची नाही किंवा त्याच घरात राहायचं, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट नीतिसूत्रे या पुस्तकात अंतःकरणाची राखण सगळ्यात आधी करायला सांगितलं आहे, कारण जीवनाचे झरे तिथून निघतात. विहिरीला कठडा बांधणं म्हणजे तहानलेल्यांचा द्वेष करणं नव्हे.

आणि मन तयारच नसेल तर? नेदरलँड्समधल्या कॉरी टेन बूम यांच्या कुटुंबाने नाझींपासून ज्यूंना घरात लपवलं. १९४४ मध्ये हे कुटुंब पकडलं गेलं. त्यांची बहीण बेट्सी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत वारली. १९४७ मध्ये म्युनिकच्या एका चर्चमध्ये क्षमेवर बोलून झाल्यावर त्याच छावणीतला एक पहारेकरी कॉरींसमोर आला, क्षमा मागितली आणि हात पुढे केला. त्यांनी नंतर मोकळेपणाने लिहिलं की त्यांचा हात उचलेना. आत काहीच वाटत नव्हतं. मनातल्या मनात मदत मागून त्यांनी यंत्रासारखा हात पुढे केला. उमाळा आला तो त्यानंतर. आधी ठरलं, मग वाटलं. लेब असंच चालतं.

दगड आणि मांस

इथे प्रश्न येतो की अंतःकरण तपासा, हेतू शुद्ध ठेवा हे तर सगळेच धर्म सांगतात, ख्रिस्ती शिकवण वेगळं काय सांगते? वेगळेपण उपदेशात कमी आणि निदानात जास्त आहे. ती म्हणते, हे अंतःकरण घासूनपुसून सुधारणारं नाही, ते नवंच लागेल, आणि ते कमावता येत नाही, मिळतं. यालाच कृपा म्हणतात. यहेज्केल संदेष्ट्याच्या तोंडी देवाचं वचन आहे: तुमच्यातलं दगडाचं अंतःकरण काढून मी मांसाचं देईन. यात एक मेख आहे. दगडाला ओरखडा उठत नाही, मांसाला इजा होते. नवं अंतःकरण मिळालेला माणूस जास्त कणखर होत नाही, त्याला जास्त लागतं.

हे मिळाल्याचा दावा करणारे प्रत्यक्षात कसे वागले याचा इतिहास मात्र नेहमी अभिमानास्पद नाही. धर्मयुद्धं आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्यांतही बायबल वाचणारे होतेच. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांतही होते.

अंगणात थांबलेला भाऊ

लूकच्या १५व्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट बहुतेकांना धाकट्यापुरती माहीत असते. वाटणी घेऊन गेला, सगळं उडवलं, परत आला, बापाने धावत जाऊन मिठी मारली. थोरला शेतात होता. घराजवळ आल्यावर त्याला गाणं-नाचणं ऐकू येतं, कारण कळतं आणि तो आत जायला नकार देतो. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो.

या थोरल्याने वावगं काही केलेलं नाही. इतकी वर्षं राबला, एकही आज्ञा मोडली नाही. पण तो बापाला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा’. माझा भाऊ, असं त्याच्या तोंडून निघत नाही. धाकट्याने पैसा वेश्यांवर उडवला हेही पहिल्यांदा गोष्टीत त्याच्याच तोंडून येतं. ते त्याला कुणी सांगितलं, देव जाणे. बाप उलट वाद घालत नाही. फक्त उत्तर देताना नातं पुन्हा जागेवर ठेवतो: ‘हा तुझा भाऊ’ मेला होता, तो जिवंत झालाय.

गोष्ट इथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलं नाही.